चार हात लांब

मागचा ट्रकही रेंगाळला, तेव्हा नीलमनं मोसंबं सोलायचं थांबवलं.

उंब्रज मागे पडलं होतं. शनिवारची सकाळ, सहा पदरी हायवे भरून वाहत होता. बिनड्रायव्हरचे ट्रक एकामागे एक, मध्ये जेमतेम बैलगाडीपुरती जागा ठेवून चालले होते आणि त्यांच्या अध्येमध्ये माणसांनी चालवलेल्या गाड्या शिरत होत्या, निघत होत्या. फक्त भोइट्यांच्या पांढऱ्या गाडीभोवती रिकामी जागा होती. पुढचा ट्रक कधीच दूर गेला होता, मागचा मागे राहिला होता आणि शेजारून येणारी प्रत्येक गाडी यांच्या बरोबरीला आली की घाईनं पुढे निसटत होती.

"आज रस्ता मोकळा मिळाला," उदयराव म्हणाले.

"हो ना," नीलम म्हणाली. तिनं मोसंब्याची फोड त्यांच्या हातावर ठेवली आणि पुन्हा आरशात पाहिलं. गेल्या शनिवारीही रस्ता असाच मोकळा मिळाला होता. एकट्या त्यांनाच.

उदयराव भोइटे निवृत्त होईपर्यंत वाहन विम्याचे सर्व्हेअर होते. अपघात झालेली गाडी तपासायची, मालकाचा जबाब घ्यायचा आणि तो कुठे थाप मारतोय ते शोधायचं. "गाडी खोटं बोलत नाही, माणूस बोलतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चाळीस वर्षांत त्यांच्या स्वतःच्या गाडीला ओरखडासुद्धा नव्हता आणि हे ते पाहुण्यांना चहाआधी सांगत. नीलम कराडच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायची. तिलाही गाडी यायची, पण ती स्टिअरिंगवर बसली की शेजारी बसलेले उदयराव अर्धा रस्ता "ब्रेक, ब्रेक" करत. शेवटी घरात शांतता राहावी म्हणून तिनं गाडी सोडली.

दर शनिवारी सकाळी पुण्याला जायचं, लेकीकडून नातीला, चिऊला घ्यायचं आणि दुपारपर्यंत कराडला परतायचं, हा दोघांचा आठवड्यातला सण होता.

आता ते रिकाम्या जागेचं सांगायला हवं. हायवेवर येणाऱ्या प्रत्येक गाडीत 'सोबत' बसवणं सक्तीचं झालं, त्याला काही वर्षं झाली होती. काड्यापेटीएवढी डबी. ती स्टिअरिंगच्या मागून ड्रायव्हरच्या बुबुळांकडे बघते आणि स्टिअरिंगवरच्या हातांचा दाब मोजते. जागा माणूस स्टिअरिंग कधी स्थिर धरत नाही. त्याला स्वतःला कळत नाही, पण तो सारखा केसभर इकडे, केसभर तिकडे दुरुस्ती करत असतो. डुलकी लागली, मन भलतीकडे गेलं, की आधी या बारीक दुरुस्त्या थांबतात. गाडी वाकडी जाते ती त्यानंतर. 'सोबत' हे थांबणं पकडते, त्यावरून ड्रायव्हरच्या लक्षाचा एक आकडा काढते आणि तो रेडिओवरून आसपासच्या गाड्यांना सांगत राहते. नाव नाही, गाव नाही, नुसता आकडा. त्यात गेल्या महिन्याभराची सवयही मिसळलेली असते. आकडा चांगला असला तर बिनड्रायव्हरचे ट्रक निर्धास्त जवळून जातात. वाईट असला तर चार हात लांब राहतात.

ज्याचा आकडा त्यालाच मात्र तो दाखवत नाहीत. सुरुवातीच्या चाचण्यांत दाखवून पाहिला होता, तर लोक रस्ता सोडून आकड्याकडेच बघत बसले आणि दुभाजकावर चढले.

पण दुसऱ्याच्या पोटातलं काढल्याशिवाय आपल्याकडे कुणाला चैन पडतं? आकडा दिसत नसला म्हणून काय झालं, ट्रक दिसत होते. वर्षभरात लोकांना ते वाचता यायला लागलं. मुलगा बघायला गेलेले वधूपिते "चला, जरा हायवेला चहा घेऊन येऊ" म्हणत त्याच्याच गाडीत बसायला लागले. लेकीचं, शर्वरीचं, ठरलं तेव्हा उदयरावांनी पार्थलाही असंच साताऱ्यापर्यंत फिरवून आणलं होतं. ट्रक पार्थच्या गाडीला अगदी घासून गेले होते आणि सासरेबुवा खूश होऊन परतले होते. मागून एखाद्याच्या नावानं "त्यांना ट्रक भितात" असं कुणी म्हणालं, की पुढचं काही सांगावं लागत नसे.

त्या शनिवारी पुण्याला पोचल्यावर शर्वरी दारातच म्हणाली, "आई, चिऊला जरा सर्दी आहे. आज नको पाठवायला." आतल्या खोलीत चिऊ खणखणीत आवाजात गाणं म्हणत होती.

पुढच्या शनिवारी चिऊच्या मैत्रिणीचा वाढदिवस निघाला. त्याच्या पुढच्या वेळी पार्थनं फोन केला, "पप्पा, तुम्ही कशाला त्रास घेता? मीच आणून सोडतो तिला."

"त्रास?" फोन ठेवल्यावर उदयराव खुर्चीवरून उठले. "मला नातीचा त्रास होतो म्हणून कुणी सांगितलं यांना?"

नीलमनं शर्वरीला बाजूला गाठून विचारलं. शर्वरी आधी नजरेला नजर देईना. मग म्हणाली, "आई, मागं आपण दोन गाड्यांनी आलो होतो ना, तेव्हा पार्थनं मागून बघितलं. पप्पांच्या गाडीजवळ एकही ट्रक थांबत नव्हता. मी काय करू सांग. माझं पोर आहे ते."

हे घरी सांगितल्यावर उदयरावांना एकदम सगळं उलगडलं. "डबी कुणी बसवून आणली होती? जावयानं. कुठून आणली? त्याच्या मित्राकडून. आता आलं लक्षात? डबीच खराब आहे. किंवा मुद्दाम केलीय."

"तो कशाला असं करेल?"

"मी त्याला हायवेवर फिरवलं होतं ना, ते अजून मनात ठेवलंय त्यानं. मी जन्मभर असली माणसं बघितलीत, नीलम."

त्यांनी डबी बदलली. ट्रक लांबच राहिले. मग त्यांनी गाडीचा सेन्सर तपासला, टायर बदलले, काच बदलली. ट्रकांवर काही फरक पडेना. घरातलं वातावरण मात्र बदललं. उदयराव पार्थचा फोन उचलेनासे झाले. नीलम भाजी चिरताना सहज म्हणून त्यांच्याकडे बघू लागली, तर तेही सहज म्हणून तिच्याकडे बघताना सापडत. "काय बघतेस?" "कुठं काय." बत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच दोघं एकमेकांचा जबाब घेत होती.

"दूध लागलं का गं?" ते मधूनच स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारत. ओट्यावर दूध नसायचंच. नीलम चिडायची. तिला वाटे, विषय बदलायला हे एक नवीन काढलंय.

शेवटी तिच्यातली शिक्षिका जागी झाली. कुणावर आळ घेण्याआधी निरीक्षण करायला हवं. पुढच्या वेळी गाडीत बसली ती रस्त्याकडे न बघता फक्त नवऱ्याकडे आणि बाजूच्या आरशाकडे बघत बसली.

कराड सुटल्यावर फाट्यावरचा मारुती आला. उदयरावांनी उजव्या हाताची दोन बोटं कपाळाला लावली, मग छातीला, डोळे मिटले, ओठ हलले, डोळे उघडले. आरशातला ट्रक जो होता त्याहून आणखी मागे गेला. पुढे ओढ्याकाठची देवी आली. दोन बोटं कपाळाला, मग छातीला, डोळे बंद. शेजारचा ट्रक ब्रेक लागल्यासारखा मंदावला. घाट चढेपर्यंत डोंगरातला महादेव, वळणावरचा दत्त आणि कुणाचा तो कळत नाही असा शेंदूर फासलेला दगड, इतक्यांना नमस्कार झाले आणि इतक्या वेळा ट्रक बिचकले.

नीलमला हसू फुटलं. "अहो, तुम्हाला कळलं का? ती डबी समजते की तुम्ही झोपताय."

"म्हणजे?"

"डोळे मिटले, मान खाली गेली, एक हात स्टिअरिंगवरून निघाला. तिच्या हिशेबी ही डुलकी. तुम्ही जाता येता तेहतीस कोटींना नमस्कार करणार आणि ती दर वेळी नोंद घेणार, की हा माणूस पुन्हा झोपला."

उदयराव तिच्याकडे बघतच राहिले. मग जे हसले ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत. नीलमला ते हसणं जरा जास्त वाटलं, पण इतक्या आठवड्यांनी ते हसत होते.

एक गोष्ट मात्र जुळली नव्हती. साताऱ्याच्या अलीकडे, काही देव नाही, धर्म नाही, अशा सरळ रस्त्यावर एक ट्रक असाच मागे हटला होता. मुलांच्या प्रयोगवहीत असं एखादं न जुळणारं निरीक्षण दिसलं, की नीलम त्याला लाल पेनानं गोल करायची. या वेळी तिनं लाल पेन काढलाच नाही.

तिनं 'सोबत'च्या मदतकेंद्राला कळवलं. फोनवर मधुरा नावाची एक इंजिनिअर आली. तिनं सगळं ऐकून घेतलं. "मॅडम, खरं सांगू का? आमची यंत्रणा शिकली ती परदेशातल्या ड्रायव्हरांवर. त्यांना वाटेत देव लागत नाहीत."

"मग तिला आपले ड्रायव्हर दाखवा."

"दाखवता येतील. हात छातीशी गेला आणि डोळे मिटले, तर तो नमस्कार धरायचा, आकडा कमी करायचा नाही, असं शिकवता येईल." ती थोडी घुटमळली. "पण मॅडम, डोळे मिटतात ते मिटतातच ना? ट्रकला देव कळत नाही. त्याला सेकंद कळतात."

"तुम्ही पुण्याबाहेर गाडी चालवली आहे का कधी?" नीलमनं विचारलं. मधुरा हसली आणि विषय तिथेच राहिला.

राहिला म्हणजे नीलमपुरता. गोष्ट वर्तमानपत्रात आली आणि मग तिला पाय फुटले. देवाला हात जोडणं म्हणजे झोप? महाराष्ट्रभर लोकांना एकदम उमगलं, की आपल्यापासूनही ट्रक लांब का राहत होते. ज्यांच्यापासून ते खरोखरच डुलक्यांमुळे लांब राहत होते, तेही याच रांगेत येऊन उभे राहिले. सभा झाल्या, विधानसभेत प्रश्न आला, आणि पावसाळा संपायच्या आत प्रत्येक डबीत नमस्काराची सवलत आली. कराडमध्ये नीलमचा सत्कार झाला. शाल घेताना तिनं पहिल्या रांगेत बसलेल्या उदयरावांकडे पाहिलं. ते टाळ्या वाजवत होते.

ट्रक पुन्हा जवळ आले. इतके जवळ, की काच खाली करून हात लावावा. पार्थनं सासऱ्यांची माफी मागितली. उदयरावांनी मोठ्या मनानं ती दिली आणि शर्वरीनं चिऊची पिशवी स्वतः गाडीत ठेवली. नीलमला वाटलं, सुटलो.

मग तो ऊस आला.

अतीत गाव सोडल्यावर डाव्या हाताला लांबच लांब उसाचा पट्टा लागतो. तिथे एका शनिवारी उदयरावांचा हात छातीवर गेला. शेजारी चाललेला ट्रक जराही मागे हटला नाही.

"इथं कोण?" नीलमनं विचारलं.

उत्तर यायला वेळ लागला. "म्हसोबा आहे. आत, शेतात."

"आधी कधी दिसला नाही."

"तुझं लक्ष नसतं."

हे खरं असू शकत होतं. पण पुढच्या आठवड्यात पेट्रोलपंपाच्या जुन्या, ओसाड आवाराजवळ हात छातीवर गेला, आणि त्यानंतर एका उड्डाणपुलावर. पुलावर कुठला देव? "खाली गाव आहे, गावाला देव असणारच," उदयराव म्हणाले आणि त्यांनी रेडिओ लावला. निवृत्तीनंतर माणसं देवाधर्माला लागतात, असं नीलमनं स्वतःला सांगितलं. तिनं ते दोनदा सांगून पाहिलं.

मंगळवारी त्यांना भिशीचं कारण सांगून ती एसटीनं निघाली आणि अतीतच्या स्टॉपवर उतरली. सेवारस्त्यानं चालत उसापर्यंत आली. बांधावर एक बाई गवत कापत होती.

"मावशी, इथं म्हसोबा आहे का कुठं?"

"म्हसोबा?" बाईनं विळा खाली ठेवला. "न्हाय वो ताई. हितं निस्ती डीपी हाय लाईटीची. म्हसोबा पार वढ्याच्या पल्याड, आमच्या भावकीचा. तुमी कंच्या गावच्या?"

नीलमनं विजेच्या त्या डीपीकडे पाहिलं. गंजलेला पत्रा, त्यावर धोक्याची कवटी. एवढ्याला कुणी नमस्कार करेल असं वाटत नव्हतं. परतीच्या एसटीत तिला उलगडा काही झाला नाही, फक्त भीती वाटायला लागली. बत्तीस वर्षं ज्याच्या शेजारी झोपलो तो माणूस आपल्याशी खोटं बोलतोय, एवढंच तिला कळलं होतं. का, ते कळत नव्हतं. आणि विचारलं तर नातीचे शनिवार पुन्हा जातील, हेही तिला कळत होतं. चिऊ येणार म्हणून त्यांनी आणून ठेवलेली लाल सायकल अंगणात उभी होती. तिनं विचारलं नाही.

शनिवार आला. परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर चिऊ बाहुलीची वेणी घालत होती. उन्हं चढली होती, रहदारी दाट होती, आणि ऊस वाहून नेणारा एक लांबलचक बिनड्रायव्हरचा ट्रक यांच्या डाव्या अंगाला, हातभर अंतरावर चालला होता. पुढे रस्ता उजवीकडे वळत होता.

"चिऊ," उदयराव म्हणाले, "दूध सांडलंस का गं? जळल्यासारखा वास येतोय."

"आजोबा, माझ्याकडे पाणी आहे," चिऊ म्हणाली.

नीलमला एकदम आठवलं. स्वयंपाकघराकडे वळलेलं ते तोंड, दूध लागलं का गं, ओट्यावर नसलेलं दूध. तिनं वळून पाहिलं. त्यांचा उजवा हात छातीवर होता. बोटं कपाळाला गेलीच नव्हती. जन्मभर त्यांनी आधी कपाळाला आणि मग छातीला हात लावला होता, हा हात सरळ छातीवर आला होता. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, ओठ हलत नव्हते. डावा हात स्टिअरिंगवर होता, पण तो नुसता ठेवलेला होता. केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही.

वळण आलं आणि गाडी सरळ निघाली.

ट्रक मागे हटला नाही. त्याला सांगितलं गेलं होतं, की हा नमस्कार आहे.

नीलमनं पट्टा ताणून दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढलं. डाव्या आरशाचा कडकन तुकडा उडाला, चिऊ किंचाळली, आणि उसाची टोकं काचेवर फटफट आपटत मागे गेली. गाडी लेनमध्ये आली. तेवढ्यात उदयरावांनी खोल श्वास घेतला आणि स्टिअरिंग तिच्या हातातून काढून घेत म्हणाले, "काय करतेस? वेड लागलंय का?" त्यांना मधलं काहीच माहीत नव्हतं.

"गाडी बाजूला घ्या."

"अगं पण..."

"उदय, गाडी बाजूला घे."

तिनं त्यांना असं एकेरी लग्नाआधीच काय ते हाकारलं असेल. त्यांनी गाडी कडेला घेतली.

नीलमनं मागे जाऊन चिऊला जवळ घेतलं, पाणी पाजलं, आरसा फुटला तो दगड लागून असं सांगितलं. मग दोघं गाडीबाहेर, बोनेटपाशी उभी राहिली. ट्रक वाऱ्याचा झोत सोडत जात होते.

"दुधाचा वास कधीपासून येतोय?" नीलमनं विचारलं.

उदयरावांनी आरशाच्या मोडक्या दांड्याकडे पाहिलं. अशा दांड्यांवरून त्यांनी किती जणांची लबाडी पकडली असेल. "उन्हाळ्यापासून," ते म्हणाले. "आधी वास येतो. मग दिवा जाऊन आल्यासारखं होतं. किती वेळ गेला ते कळत नाही."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"ट्रक लांब जायला लागले तेव्हा मला कळलं, की त्यांना कळलंय."

"मग पार्थला का बोल लावत होतात? बिचाऱ्यानं माफी मागितली तुमची."

"त्याला बोललो नसतो तर तू मला डॉक्टरकडे नेलं असतंस." ते थांबले. "गाडी गेली की चिऊ गेली. मग कराडच्या त्या घरात आपण दोघं काय करणार होतो?"

"आणि हा हात छातीवर न्यायचं कुणी शिकवलं?"

उदयराव तिच्याकडे बघेनात. "तूच. त्या इंजिनिअरशी बोलत होतीस ना फोनवर. हात छातीशी गेला की नमस्कार धरतात म्हणून. वास आला की तेवढं करायला वेळ मिळतो."

नीलमला रडू आलं ते रागानं आलं की कशानं, ते तिला कळलं नाही. यंत्र खरं बोलत होतं. बिचारं पहिल्या दिवसापासून जीव तोडून सगळ्या रस्त्याला सांगत होतं, की या माणसाला जपा, याच्यापासून लांब राहा. आणि तिनं सभा गाजवून, शाल पांघरून त्याचं तोंड बंद केलं होतं. एका नवऱ्यासाठी, आणि अख्ख्या हायवेवर. आत्ता या क्षणी किती छात्यांवर किती हात असतील, कोण जाणे.

"मधुराला मी आजच फोन करणार आहे," ती डोळे पुसत म्हणाली. "सवलत काढा म्हणून. पेपरातही सांगेन, का काढा ते."

"माझं नाव सांगशील?"

"सांगेन."

उदयरावांनी किल्लीचं कार्ड खिशातून काढून तिच्या हातात दिलं आणि स्वतःच वळसा घालून पलीकडच्या दाराशी गेले.

नीलमनं सीट पुढे घेतली. आसन ओळखीचं वाटेना. पायाखाली ब्रेक कुठे आहे ते दाबून पाहिलं, उजवीकडचा आरसा आपल्या उंचीला लावला, आणि गाडी रस्त्यावर घेतली. हात घामेजले होते. डोळ्यांत अजून पाणी होतं. 'सोबत'नं पाहिलं असणार, कारण मागचा ट्रक मंदावला, शेजारची गाडी दुसऱ्या लेनमध्ये गेली, आणि पाहता पाहता तिच्याभोवती मोठी मोकळी जागा झाली.

तीच ती जागा. लेकीनं तोंड फिरवलं, जावयावर आळ आला, तो त्या जागेपायी. आता तिला त्या प्रत्येक ट्रकचे पाय धरावेसे वाटत होते.

"आजी, तू गाडी चालवतेस?" चिऊनं विचारलं.

"चालवते."

"आजोबा का नाही चालवत?"

"आजोबा दमलेत," नीलम म्हणाली. एवढं अंतर कापताना शेजारून एकदाही "ब्रेक" ऐकू आलं नव्हतं, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

कराड जवळ आलं. झाडांतून फाट्यावरच्या मारुतीचा शेंदरी कळस दिसायला लागला. शेजारी हालचाल झाली. उदयरावांचे आता दोन्ही हात मोकळे होते. त्यांनी ते कपाळाशी नेऊन नीट जोडले आणि डोळे मिटले.

कळस बरोबरीला आला, खिडकीतून सरकला आणि मागे पडला. फाटा गेला, पूल गेला. त्यांचे हात अजून जोडलेलेच होते.

ते देवाशी बोलत होते, की दूध जळत होतं, हे मान वळवून पाहिलं असतं तर कदाचित कळलं असतं. नीलमनं मान वळवली नाही. ती रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिली.